मावळतीनंतरचं पाणी

शिबिरात कोणी काय करायचं हे डॉक्टर हितेंद्र यांनी पहिल्याच सकाळी वाटून टाकलं. कॉलेजातल्या दोन मुलांना खेळ मिळाले, नाशिकहून आलेल्या मुलीला चित्रकला मिळाली, आणि जिनलच्या वाट्याला आलं पाणी. तासातासाला घंटा वाजवायची आणि प्रत्येक पोराच्या घशाखाली एक पेला पाणी उतरलं की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. बस्स, एवढंच. दहावीची परीक्षा दिल्यावर आईशी आठवडाभर भांडून, शेवटी दादाजींना मध्ये घालून ही पोरगी जळगावहून यावलच्या पुढं आली होती, ती काय पाणी वाटायला? तिचा चेहरा असा पडला की डॉक्टरांना हसू आवरेना.

"तोंड पाडू नकोस," ते म्हणाले. "इथलं सगळ्यात मोठं औषध मी तुझ्या हातात दिलंय."

मग त्यांनी तिला बाजूला घेऊन समजावलं. शिबिराला आलेल्या सगळ्या मुलांना सिकलसेल होता. त्यांच्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकायच्या. अंगातलं पाणी कमी झालं की त्या वाकड्या पेशी एकमेकींत अडकायच्या, रक्त पुढं सरकायचं नाही, आणि मग हाडंच्या हाडं ठणकायला लागायची. हे दुखणं काय असतं ते मोठ्या माणसालाही सांगता येत नाही. कधी कधी ते छातीत शिरतं आणि जीवावर बेततं. मे महिन्यात, खानदेशातल्या उन्हात या मुलांना पाण्याशिवाय ठेवणं म्हणजे गंमत नव्हती.

जिनलला ते पटलं. तिला एखादी गोष्ट पटली की ती अर्धवट करत नसे, हा तिचा गुणही होता आणि घरच्यांच्या मते अवगुणही.

शिबिर भरलं होतं सातपुड्याच्या पायथ्याशी एका निवासी शाळेत. सुट्टीमुळं शाळा रिकामी होती. तिन्ही बाजूंनी केळीच्या बागा, त्यामुळं सकाळी थोडा गारवा असायचा, पण दुपारी पत्रे असे तापायचे की खाली बसवत नसे. पोरं आली होती पाड्यापाड्यांवरून, कोणी चोपड्याकडची, कोणी शिरपूरकडची, काही थेट साक्रीच्या पलीकडची. जिनलनं मनाची तयारी केली होती ती केविलवाण्या, अंथरुणाला खिळलेल्या मुलांची. पण पहिल्या तासाभरात त्यांतल्या दोघांनी तिची चप्पल लपवली, एकानं तिच्या घंटेचा लोलक काढून नेला, आणि एक मुलगी तिच्या मागंमागं फिरत तिला प्रश्न विचारत सुटली. आजारी माणसानं आजाऱ्यासारखं राहावं, अशी आपली निरोगी लोकांची एक समजूत असते. त्या पोरांना ती कोणी सांगितली नव्हती.

प्रश्न विचारणारी ती मुलगी म्हणजे भूमिका. नऊ वर्षांची, पण दिसायला सहाची. हातापायाच्या काड्या, डोळे जरा पिवळे, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. साक्रीच्या पुढं डोंगरात तिचा पाडा होता. तिची खानदेशी बोली जिनलला आधी निम्मीच कळायची, कारण पिंप्राळ्यातल्या त्यांच्या कॉलनीत मारवाडी चाले, शाळेत मराठी चाले, आणि खानदेशी फक्त दादाजींच्या डाळमिलमध्ये हमालांच्या तोंडी ऐकू यायची.

"तुनं नाव काय शे?"

"जिनल."

"हाई कसं नाव?"

"आमच्यात असतं."

"तुले भाऊ शे का? तुना घरमां म्हैस शे का? तुना केस इतला लांब कसा?" आणि मग, त्याच दमात, "तुले कुठे दुखस?"

"कुठंच नाही," जिनल म्हणाली.

"कव्हयच नही?"

"पडले-बिडले तर दुखतं. तसं नाही."

भूमिकानं तिच्याकडं असं बघितलं जसं आपण हत्ती बघतो. मग ती गप्प झाली. तिचं गप्प होणं ही केवढी मोठी घटना आहे हे जिनलला अजून ठाऊक नव्हतं.

पाण्याचं काम जिनलनं असं काही अंगावर घेतलं की शिबिरात तिला 'पाणीताई' नाव पडलं. न पिणाऱ्याशी ती पैज लावायची, लबाडी करणाऱ्याचा पेला उलटा करून बघायची, आणि झोपायच्या आधी प्रत्येकाच्या उशाशी भरलेली बाटली ठेवायची. ती बाटली सकाळपर्यंत रिकामी झाली पाहिजे, हा तिचा हुकूम. सुनंदाअक्का म्हणजे धुळ्याच्या निवृत्त सिस्टर, शिबिरातलं औषधपाणी त्यांच्याकडं. त्या म्हणायच्या, "एवढी कडक तर मी वॉर्डातबी नव्हते गं बाई."

पण पाणीताई स्वतः दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसे.

यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. आठ वर्षांची असताना तिनं जैनांमधला चौविहाराचा नियम घेतला, तो आजवर चालू होता. सूर्य बुडाला की अन्न नाही, पाणी नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी सूर्य उगवून थोडा वर येईपर्यंत. घरात तिची दादी सूरजबाई पाळायची, आई पाळायची, काकू पाळायची. त्यामुळं त्यांच्या घरी संध्याकाळी स्वयंपाकघर लवकर आवरायचं आणि पाण्याच्या माठावर झाकण बसायचं. त्या झाकणाचं कोणी कोणाला कारण सांगत नसे. दात घासण्याचं कारण कोण सांगतं? शिबिरात तिच्यासाठी सुनंदाअक्का स्वयंपाकघरातून उजेडीच कांदा-लसूण न घातलेली खिचडी काढून आणायच्या. पायरीवर बसून ती खायची, वर पोटभर पाणी प्यायची, आणि हात जोडून मनातल्या मनात पच्चक्खाण, म्हणजे नियमाचे शब्द, म्हणायची. बाकीच्यांची जेवणं तासाभरानं व्हायची.

दुसऱ्या संध्याकाळी भूमिका येऊन तिच्या शेजारी पायरीवर बसली.

"तू आत्तेच का खास?"

"आता सूर्य जाईल. मग मी काही खात नाही."

"काबरं?"

जिनलनं जरा विचार केला. साधूंच्या व्याख्यानातलं पुष्कळ तिला पाठ होतं, पण ते नऊ वर्षांच्या मुलीला कसं सांगणार? "आमच्यात नियम असतो," ती म्हणाली. "नियम पाळला की चांगलं होतं."

"मंग मी बी तुनासंगे खासू. मी बी नियम करसू."

आणि इथं चूक झाली. दुसऱ्या कोणाच्या हातून ती झाली नसती. दुसरी कोणी म्हणाली असती, 'चल गं, तुझं काय मध्येच', आणि विषय तिथंच संपला असता. पण जिनलच्या घरी लहान पोरानं नियम घेतला की ते घर उजळतं. तिचा मोठा चुलतभाऊ रोनक सात वर्षांचा असताना त्यानं पहिला उपवास केला, तर त्याला फेटा बांधून, बग्गीत बसवून मिरवलं होतं. पाहुणे येऊन त्याच्यापुढं हात जोडत होते. दुसऱ्याच्या तपाला मनापासून वाहवा द्यायची, त्या वाहवेचंही पुण्य लागतं, याला त्यांच्यात अनुमोदना म्हणतात. लहान मुलाचं तप असेल तर मोठी माणसंसुद्धा त्याच्यापुढं वाकतात. हे सगळं जिनलच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की तिचे हात आपोआप जोडले गेले. डोळ्यांत पाणी आलं. तिनं भूमिकाला कुशीत घेतलं, आपल्या ताटातली खिचडी तिला भरवली, तिचा हात जोडलेला फोटो काढून दादीला पाठवला. दादीचा आवाज लगेच फोनमधून आला, "छोरी ने घणी घणी अनुमोदना!"

भूमिकाला ते शब्द कळले नाहीत. पण एवढं कळलं की आपल्या हातून काहीतरी फार मोठं घडलं आहे. आजवर तिच्यापुढं हात कोणी जोडले होते?

जिनलच्या डोक्यात होतं ते एवढंच, की पोरगी लवकर जेवते आहे. झोपताना भूमिकाच्या उशाशी बाटली तिनं स्वतः ठेवली, आणि सकाळी ती रिकामी बघून तिला शाबासकीही दिली. नियमात पाणीही येतं, हे तिनं भूमिकाला सांगितलं नव्हतं. पण पोरीला डोळे होते. सूर्य बुडाल्यावर पाणीताई आपली बाटली उपडी करून खिडकीत ठेवते, मग बाजूला कोणी घटाघट पाणी प्यालं तरी ढुंकून बघत नाही, हे ती रोज बघत होती.

पुढच्या दोन दिवसांत भूमिका जिनलची सावली झाली. संध्याकाळी दोघी पायरीवर जेवत. घंटा भूमिका वाजवे. दुसऱ्या पोरांना ती दटावे, "पाणी पे रे, नहीतं हाडं दुखतीन!" डॉक्टरसुद्धा म्हणाले की या मुलीला बोलायला नाही, तोंड बंद ठेवायला शिकवायला हवं. जिनलला आतून फुलून आल्यासारखं वाटायचं. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत, हे सुख तिनं कधी चाखलं नव्हतं. घरी ती सगळ्यांत धाकटी, सगळे तिच्याच उपयोगी पडायचे.

पाचव्या दिवशी दुपारी भूमिका गप्प झाली.

खेळ चालले होते, ती लिंबाखाली बसून राहिली. जिनलनं विचारलं, "काय गं, बरं वाटत नाही?" तर ती म्हणाली, "झोप ई राहिनी." घंटेला तिनं पेला हातात घेतला, झाडामागं गेली, आणि रिकामा पेला परत आणून दिला. जिनलनं तो नेहमीसारखा उलटा करून बघितला. थेंबही नव्हता. ती समाधानानं पुढच्या पोराकडं वळली.

संध्याकाळी पायरीवर भूमिकानं खिचडीचे दोन घास कसेबसे खाल्ले. सूर्य केळीच्या बागेमागं गेला. जिनल पच्चक्खाण संपवून डोळे उघडते तोच शेजारची पोरगी पोटरी दोन्ही हातांनी धरून वाकली. तिच्या तोंडून आवाज आला नाही, नुसताच श्वास आला. मग तिनं आपल्याच हातात दात रोवले.

जिनलनं तिला उचललं आणि पळत सुटली. आजारीखोलीत सुनंदाअक्कांनी तिला गादीवर घेतलं, गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या. डॉक्टर आले, वेदनेचं इंजेक्शन दिलं. नंतर सलाईनसाठी शीर शोधायला लागले. एका हाताला शोधली, दुसऱ्या हाताला शोधली, पावलावर शोधली. सुई दोनदा गेली, दोनदा बाहेर काढावी लागली.

"अंगात पाणीच नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "शिरा बसल्यात सगळ्या. ही पाणी पीत नव्हती?"

"पीत होती सर," जिनल म्हणाली. "मी रोज बघत होते."

"ॲम्ब्युलन्स बोलावलीय. यावलहून येईपर्यंत थोडं थोडं पाणी पोटात गेलंच पाहिजे. छातीत काही सुरू झालं तर मग माझ्या हातात नाही. तिचं तुझ्याशी जमतं ना? पाज तिला."

डॉक्टर फोनवर बोलायला बाहेर गेले. जिनलनं साखर-मीठ घातलेल्या पाण्याचा पेला भूमिकाच्या ओठांना लावला. भूमिकानं तोंड घट्ट मिटलं. चमच्यानं पाजायला बघितलं, तर मान फिरवली. सुनंदाअक्कांनी दरडावलं, लाडानं सांगितलं, नाक दाबायची भीती घातली. पोरगी वेदनेनं पिळवटत होती, पण ओठ उघडत नव्हती.

"भूमिका, पी गं. एक घोट. माझ्यासाठी."

तिनं डोळे उघडले. "दिन बुडी गया," ती पुटपुटली.

जिनलला आधी कळलंच नाही.

"दिन बुडी गया ना ताई. आते पेतस नही. नियम शे."

जिनलनं पेला खाली घेतला. "तू... रात्री पाणी पीत नव्हतीस? बाटली रिकामी असायची ती?"

"खिडकीमाईन वती दिऊं."

"तीन रात्री बाहेर ओतलीस?"

भूमिका रडायला लागली. आतापर्यंत दुखत असूनही ती रडली नव्हती. आता मात्र हुंदके देत देत सांगायला लागली, आणि जिनलला एकेक शब्द कळत गेला. काल रात्री फार तहान लागली होती. तिनं उठून एक घोट प्याला. एकच. सकाळी पाय दुखायला लागला. म्हणजे नियम तुटला म्हणूनच दुखायला लागलं ना? म्हणून तिनं शिक्षा म्हणून आज दुपारपासून पाणी सोडलं, पेला झाडाच्या मुळाशी ओतला, पण दुखणं वाढतच गेलं. आता परत प्याली तर आणखी वाढेल.

"तू नियम पायस म्हणीसन तुले कुठेच दुखत नही," ती म्हणाली. "मी पाया नही म्हणीसन माले दुखस."

सुनंदाअक्कांनी जिनलकडं बघितलं.  जिनलच्या कानात एकच गोष्ट घुमत होती, की या पोरीचा जीव धोक्यात आला तो आपल्यापायी. आपण हात जोडले. आपण फोटो काढला. पाणी हेच जिचं औषध, तिला आपण तहानेचं कौतुक शिकवलं.

आणि त्याहून वाईट एक गोष्ट तिला त्याच क्षणी दिसली. भूमिकाचा हिशोब तिचा स्वतःचाही होता. तो तिनं कधी मोठ्यानं म्हटला नव्हता, एवढाच फरक. घरात कोणी आजारी पडलं की दादी म्हणायची, कर्माचा उदय. आणि आपल्याकडं सगळे धडधाकट का, तर धर्मानं राहतो म्हणून. शिबिरात पाय ठेवताना तिच्याही मनात दयेच्या पोटात कुठंतरी हेच होतं, की या पोरांनी मागं काहीतरी केलं असेल आणि आपण नसेल केलं. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की चेहरा गरम झाला.

तिनं भूमिकाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "ऐक. आजारी माणसाला नियमातून सूट असते. माझ्या दादाजींचं हृदयाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा दादीनं स्वतः त्यांना रात्री पाणी पाजलं. देवाघरचीच सूट आहे. तू प्यालीस तर तुझा नियम तुटत नाही."

भूमिकानं विचार केला. तेवढ्यात एक कळ येऊन गेली, तिचं अंग ताठ झालं, मग सैल पडलं.

"तू लबाड बोली राहिनी," ती म्हणाली. "माले पाजाले."

"नाही गं, खरं."

"मंग तू पे."

 बाहेर पोरांच्या जेवणाची ताटं वाजत होती.

जिनल आजारी नव्हती. तिला सूट नव्हती. ती सांगू शकली असती की मला आजार नाही म्हणून मला चालत नाही, आणि ते नियमाप्रमाणं बरोबरही होतं. पण मग भूमिकाला पुन्हा तेच ऐकू आलं असतं, की धडधाकट माणूस नियम पाळतो आणि नियम पाळणाराच धडधाकट राहतो. शिवाय चौविहार तिला प्रिय होता. तो कोणी लादलेला नव्हता. आठ वर्षांची असताना तिनं स्वतः हट्टानं घेतला होता, आणि तापात, सहलीत, लग्नकार्यात, दहावीच्या अभ्यासात कधी मोडला नव्हता. तिच्या सोळा वर्षांत सगळ्यात स्वतःची अशी गोष्ट तीच होती. दादीला काय सांगायचं? गुरुमहाराजांपुढं प्रायश्चित्त घ्यायला उभं राहताना काय म्हणायचं?

ते नंतर बघू, असं ती मनाशी म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच धर्माच्या बाबतीत तिनं काही नंतरवर टाकलं.

तिनं सुनंदाअक्कांकडून दुसरा पेला भरून घेतला. भूमिकाला नीट दिसावं म्हणून ट्यूबलाइटच्या उजेडाकडं सरकली. पाणी तोंडात घेतलं, तर गिळवेना. आठ वर्षांची सवय घशात दार लावून बसली होती. डोळे मिटून तिनं पहिला घोट ढकलला, मग दुसरा, मग सगळा पेला प्यायली आणि तो उलटा करून दाखवला.

भूमिका टक लावून बघत होती. भीतीनं तिचे डोळे मोठे झाले होते.

"आते तुले दुखी," ती म्हणाली.

"बघू या."

भूमिकानं हात पुढं केला आणि जिनलच्या गुडघ्यावर ठेवला. दोघी तशाच थांबल्या. सुनंदाअक्का गरम पिशवी बदलून गेल्या. भूमिकाला कळ येई तेव्हा तिची बोटं त्या गुडघ्यात रुतत, आणि कळ ओसरली की ती विचारी, "दुखस का?"

"नाही."

मग परत, "आते?"

"नाही दुखत, भूमिका. नाही दुखणार. नियम मोडला तरी नाही दुखणार. मला दुखत नाही याचं कारण मी चांगली आहे हे नाही. मला हा आजार नाही, एवढंच कारण. आणि मला का नाही, तुला का आहे, याला काही कारणच नाही गं. मी काही केलं नव्हतं. तूही काही केलं नव्हतंस."

"तो एक घोट पिधा तो?"

"तो प्यालीस ते चांगलं केलंस. आणखी प्यायला हवं होतंस."

भूमिका छताकडं बघत राहिली. तिचे ओठ कोरडे पडून भेगाळले होते. तिनं तोंड वळवलं, आणि इतक्या हळू विचारलं की जिनलला कान जवळ न्यावा लागला.

"मंग मनी मायनी चूक?"

"आईची? आईची कसली चूक?"

"मनी आजी म्हनस, मायना पापमुये माले हाऊ रोग शे. बठ्ठा गावना लोके म्हनतस. माय चुलापुढे बसीसन रडस."

 डॉक्टरांनी पहिल्या दिवशी समजावलेलं सगळं जिनलनं आठवून आठवून, सोपं करून सांगितलं. हा आजार आईकडून थोडा येतो, बापाकडून थोडा येतो. दोघांच्या रक्तात तो लपलेला असतो, आणि दोघांनाही ते ठाऊक नसतं. त्यांना तरी कोणी सांगितलं होतं? यात पाप कसलं?

"म्हणजे मायनी चूक नही."

"नाही."

"मी काही करं म्हणीसन बी नही, आनि मायनी करं म्हणीसन बी नही."

"कोणाचीच नाही, भूमिका."

भूमिकानं हात पुढं केला. जिनलनं तिच्या मानेखाली हात घालून तिला थोडं उचललं आणि पेला तिच्या ओठांना लावला. भूमिकानं एक घोट घेतला आणि थांबली.

"तू मना पाडावर ये," ती म्हणाली. "आनि हाई मायले सांग. आजीना समोर सांग."

"येईन. आजीसमोरच सांगेन."

बाहेर फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला, डॉक्टर धावत आत आले. भूमिकानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. तिनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि ती पाणी पीत राहिली.